दारात बसलेली दारुहळद

यासीन मुल्लाणींच्या पायात सोडलेलं अँटिबायोटिक सकाळी आपणहून बाहेर आलं आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिलं.

राउंडला आलेल्या डॉ. इरावती घोरपड्यांनी त्याची विचारपूस केली.

"आत जाता येतं, राहता येत नाही," औषध म्हणालं. "जिवाणूंनी दारात माणूस ठेवलाय. उंबरा ओलांडला की बखोट धरून बाहेर काढतो."

मुल्लाणी कोल्हापुरात फुटबॉलचे पंच होते. बूट चावून टाचेला झालेली जखम घोट्यापर्यंत चिघळली होती आणि सर्जन गुरुवारी पाय काढणार होते.

"भाईर काढायचं तर कारण सांगावं लागतंय," मुल्लाणी म्हणाले. "इचारलंस का?"

"विचारलं. म्हणाला, तुम्ही नेहमीचेच."

इरावतीबाईंना काळजी होतीच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. "बोलका आहे का तो?"

"फार. दिवसभर एकटाच असतो."

त्या तशाच खाली प्रयोगशाळेत गेल्या आणि दारुहळदीच्या अर्काला घेऊन वर आल्या. ती पिवळीजर्द बाई खाटेच्या कडेला अंग चोरून टेकली.

"जिवाणू मारतीस व्हय?" मुल्लाणींनी विचारलं.

"न्हाई बाबा. जन्मात कुणाला मारलं न्हाई. गप्पा तेवढ्या मारती."

मुल्लाणींनी पायावरची चादर बाजूला केली. औषध आणि दारुहळद दोघं आत गेली. इरावतीबाईंनी घोट्याला स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ नुसती ठसठस ऐकू आली. मग दारुहळदीचा आवाज आला, "पाव्हणं, गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

दारातल्या माणसाने गाव सांगितलं. तिथे दारुहळदीच्या चुलतभावाची सासुरवाडी निघाली. दोघं उंबऱ्यावर बसून नात्याचा धागा लावू लागली, आणि औषध त्यांच्या मागून गुपचूप आत गेलं.

ते परत आलं नाही. बुधवारी ताप उतरला, सूज ओसरून घोट्याला सुरकुत्या पडल्या. दुपारी दारुहळद बाहेर आली. तिच्यामागे एक धिप्पाड माणूस मान खाली घालून उभा होता.

"आत आता राखायला काय उरलं न्हाई," ती म्हणाली. "म्हटलं, याला कुठं टाकून येऊ?"

वॉर्डच्या दारावरची रखवालदाराची जागा रिकामीच होती. इरावतीबाईंनी त्याला तिथे उभं केलं.

गुरुवारी सकाळी सर्जन आले. दारावरच्या माणसाने अदबीने नमस्कार केला, त्यांचं बखोट धरलं आणि त्यांना जिन्यापाशी नेऊन सोडलं.