सुखदेवला ओ द्या

डोणगावच्या बँकेत एकदा भली मोठी रांग लागली होती. आमचा सुखदेव पुढे होता आणि मी त्याच्यामागे सातवा की आठवा. मध्येच त्याने मानही न वळवता, छताकडे बघत, मळ्यात मारावी तशी खणखणीत हाक मारली, "हाय का बेऽऽ?" कॅशियरच्या हातातला शिक्का खाली पडला. एक म्हातारी "काय झालं वं माय!" करत भिंतीला टेकली. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली, कारण लाजेने लाल झालेला माणूस मीच तेवढा होतो. मी पुटपुटलो, "हाव."

"मंग ठीक," म्हणून सुखदेव एक पाऊल पुढे सरकला. त्याला माझ्याशी काही बोलायचं नव्हतं. मी आहे, एवढंच त्याला पाहिजे होतं.

सुखदेव माझा शाळेपासूनचा दोस्त आणि आता भिंतीला भिंत लावून शेजारी. गावालगतच्या त्याच्या मळ्यात वांगी, मेथी आणि कोथिंबीर असते, जिला आम्ही सांबार म्हणतो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. त्याचा फोन आला की मुलांनाही कळतं, कारण सरांचं बोलणं एका शब्दात संपतं. तिकडून "हाय का?", इकडून "हाव", की फोन बंद. लग्नाच्या पंगतीत तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसलो, की वरणभाताच्या वेळी एक हाक आणि जिलेबीच्या वेळी दुसरी ठरलेली. ओ दिली नाही तर तो भरल्या ताटावरून उठून बघायला येतो. एकदा तसा आलाही होता, उष्ट्या हाताने.

हे खूळ त्याला जागलीने लावलं. आमच्याकडे पूर्वी पीक उभं असलं की रानडुकरांपासून राखायला शेतात जागल करायला जात. प्रत्येक शेतात लाकडी माळा आणि त्यावर एकेक माणूस. झोप लागू नये आणि शेजारी धड आहे हे कळावं म्हणून या माळ्यावरून हाक जायची, त्या माळ्यावरून ओ यायची. ओ आली नाही की बॅटरी घ्यायची आणि बघायला जायचं, असा नियमच होता. आता शेताशेताला झटका मशीनची विजेची तार लागली. डुकरं तारेला भितात आणि माणसं घरी झोपतात. जागल संपली, पण सुखदेव काही माळ्यावरून खाली उतरला नाही.

त्याची बायको कमलवहिनी होती तोवर आम्हांला एवढा जाच नव्हता. संध्याकाळी तो बांधावरून हाक मारायचा आणि वहिनी परसातून "हावऽ, या!" अशी ओ द्यायची. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. मुलगी सासरी साखरखेर्ड्याला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला सुखदेवची हजेरी द्यावी लागते.

तर असा हा माणूस आमच्याबरोबर बर्फ बघायला निघाला.

कल्पना विलासची. विलासचं कृषी केंद्र आहे आणि उन्हाळ्यात तो दुकानात पंख्याखाली बसून मोबाइलवर बर्फाचे डोंगर बघतो. आमच्या दहावीच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, "पन्नाशी पार झाली, अजून बर्फ पाह्यला नाही. फ्रीजमधलाच पाहून मरता काय बे?" ग्रुपवर सत्तावीसजण आहेत. अंगठे सत्तावीसजणांनी दाखवले, पण प्रत्यक्षात विलास, मी, तहसीलमधला सिद्धार्थ आणि सुखदेव एवढेच उरलो. सुखदेवला बर्फाशी काही देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्यावर ध्यान ठेवाले कोनी त पाह्यजे."

दिल्लीच्या गाडीत आमच्या चौघांच्या बर्थ चार कोपऱ्यांत आल्या. सुखदेवची हाक सुरू झाली. पहिल्या तासाला लोक चिडले, दुसऱ्या तासाला हसायला लागले आणि ग्वाल्हेरच्या आसपास एक अनोळखी सरदारजी आमच्याआधीच "हांजी!" म्हणून ओ द्यायला लागले. सुखदेवने त्यांना जाऊन ठेचा आणि भाकरी दिली.

उत्तराखंडातल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी नेगीजी नावाचे वाटाडे भेटले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, आमच्याच वयाचे. आम्हांला भाड्याचे जाड कोट घालून त्यांनी रांगेत उभं केलं तेव्हा आम्ही पोत्यात भरलेल्या सोयाबीनसारखे दिसत होतो. सुखदेवने कोटाच्या टोपीवरून आपला खांद्यावरचा दुपट्टा कानाला बांधला. पहिला बर्फ लागला तसा तो वाकला, ओंजळभर उचलला, वास घेतला आणि म्हणाला, "एवढा कापूस! वेचाले बाया कुठून आनतीन बे?"

नेगीजींनी पहिल्याच चढावर त्याला बजावलं, "भाईसाब, चिल्लाओ मत. साँस बचाओ." सुखदेवने मान डोलावली आणि दहा मिनिटांनी हाक मारली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते ओरडणं नव्हतं, विचारणं होतं.

दोन दिवस आम्ही चढत होतो. गुडघे बोलायला लागले होते, ओठ फुटले होते, श्वास पुरत नव्हता आणि त्यात या माणसाला दर दहा मिनिटांनी ओ द्यायची. "हाव" म्हणायला किती दम लागतो ते तिथे कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माथ्यावर पोहोचलो. सगळीकडे पांढरे डोंगर आणि वर निळं आभाळ. विलास तर रडलाच. सुखदेव कड्यापासून दोन हात मागे उभा राहिला आणि समोरच्या दरीकडे तोंड करून त्याने लांबलचक हाक मारली. खालून काही आलं नाही. थोडा वेळ वाट बघून तो म्हणाला, "अथी त कोनीच नाही बे." आम्ही पोट धरून हसलो.

उतरताना ढग आले. आधी समोरचं शिखर गेलं, मग झाडं, मग पुढचा माणूस. नेगीजी पुढे, त्यांच्यामागे सुखदेव आणि बरंच मागे आम्ही तिघं, गुडघे सांभाळत. वाटेच्या जरा बाजूला मेंढपाळांची एक दगडी खोपी होती. विलासच्या थर्मासमध्ये चहा होता. आम्ही आत घुसलो. चहा ओतत होतो तेवढ्यात खालून हाक आली, "हाय का बेऽऽ?"

विलासने ओठांवर बोट ठेवलं. "आज कोनी ओ द्यायची नाही. पाहू काय करते."

हे मी लपवून ठेवणार नाही. मी मास्तर आहे, वर्गात अशी थट्टा करणाऱ्या पोरांना बाकावर उभं करतो, पण त्या खोपीत मी तोंडावर हातमोजा दाबून हसत होतो. दुसरी हाक आली. तिसरी आली, जरा जवळून. सिद्धार्थ म्हणाला, "देऊन टाका बे," पण त्यालाही हसू आवरत नव्हतं. मग हाका थांबल्या. थकला शेवटी, असं म्हणून आम्ही चहा संपवला आणि निवांत खाली उतरलो.

देवदारांच्या पहिल्या झाडाखाली नेगीजी एकटे उभे होते. त्यांनी आम्हांला मोजलं आणि विचारलं, "चौथे भाईसाब?"

"वो तो आपके साथ थे," विलास म्हणाला.

"मेरे पीछे ही थे. तीन बार चिल्लाये, फिर मुड़कर देखा तो नहीं थे. मैंने सोचा, आपके पास रुके हैं."

एका क्षणात सगळं समजलं. ओ आली नाही, म्हणून सुखदेव बघायला गेला होता. परत वर, ढगात, आमच्या खोपीवरून पुढे. आम्ही आत दात काढत बसलो होतो तेव्हा तो बाहेरून आम्हांलाच शोधत गेला होता. त्यातच बर्फ पडायला लागला. आमच्या पावलांचे खड्डे डोळ्यांदेखत भरत होते. त्याचेही भरत असणार.

तीन वाजले होते. नेगीजींचा चेहरा बदलला. "आप लोग यहाँ से हिलना मत," असं सांगून ते वर निघाले. दहा पावलांवर जाऊन थांबले आणि वळून म्हणाले, "अब चिल्लाओ. जितना दम है, चिल्लाओ."

आम्ही ओरडलो. "सुखदेवऽऽ! हाय का बेऽऽ?" तिघांनी एकदम, मग एकेकाने. बर्फात आवाज लांब जात नाही, कापडात गुंडाळल्यासारखा होतो. हाक मारायची, श्वास धरून ऐकायचं, काही यायचं नाही. पुन्हा मारायची. इतकी वर्षं मी ओ देणारा होतो, आणि तीही कुरकुरत. हाक मारून वाट बघणाऱ्याच्या छातीत काय होतं ते मला त्या झाडाखाली पहिल्यांदा कळलं.

आणि मला कमलवहिनीचा तो दिवस आठवला. मी शेजारी, मला सगळं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी सुखदेवने बांधावरून हाक मारली आणि परसातून ओ आली नाही. गेली असेल कुठे बसायला, असं त्याला वाटलं. वांग्याच्या दोन सऱ्यांना पाणी द्यायचं राहिलं होतं, ते देऊन तो घरी आला. वहिनी चुलीजवळ पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, आधी येऊनही काही उपयोग झाला नसता. सगळ्या गावाने त्याला तेच सांगितलं. त्याने ते कधी मानलं नाही. हे ठाऊक असूनही मी खोपीत तोंडावर हातमोजा दाबून बसलो होतो. मला माझीच शरम वाटली.

विलास मटकन बर्फात बसला. "त्याच्या पोरीले काय सांगू बे मी?" असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सिद्धार्थ ओरडून ओरडून खोकायला लागला होता. तरी हाका आम्ही थांबवल्या नाहीत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. घड्याळात अर्धा तास होता म्हणे. आणि मग वरून, फार वरून, घशातून खरवडून काढल्यासारखी हाक आली.

"हाय का बेऽऽ?"

आम्ही जी ओ दिली तशी आमच्या बापजन्मी दिली नव्हती. "हावऽऽ! हाव! हाव बे!" विलास तर नाचत ओ देत होता. मग दर मिनिटाला हाक आणि दर मिनिटाला ओ. प्रत्येक हाक थोडी खाली येत होती. शेवटी ढगातून आधी नेगीजी निघाले आणि त्यांच्या खांद्याला धरून सुखदेव. दुपट्टा गोठून ताठ झाला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. नेगीजींना तो खोपीच्या वर, वाटेत आम्ही सकाळी फोटो काढले होते त्या कड्यावर सापडला. आम्ही कड्यावरून गेलो की काय, म्हणून पोटावर पालथा पडून तो खाली वाकून बघत होता.

आमच्यापाशी येऊन तो थांबला आणि त्याने हजेरी घेतली.

"विलास?"

"हाव."

"सिद्धार्थ?"

"हाव."

"मास्तर?"

मी नुसतीच मान डोलावली.

"मास्तर बे!"

"हाव रे, हाव!" म्हणत मी त्याला मिठीच मारली. दोन जाड कोटांमुळे ती नीट बसलीही नाही.

"मंग मगाशी काय मिठाची गुळनी धरली होती?" तो खेकसला.

सिद्धार्थने खाली मान घालून सगळं सांगितलं. आता हा आम्हांला बर्फात पुरतो असं वाटलं. सुखदेवने बराच वेळ मिशांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, "मस्करी करा, पन मले सांगून करा. ओ नाही आली त मले जा लागते बे. मांगच्या बारीले मी उशीर केला होता."

नेगीजींना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून पहिल्यांदा सुखदेवच्या हातावर ठेवला. तिथून पायथ्यापर्यंत त्यांनी त्याला एकदाही गप्प बसायला सांगितलं नाही. शेवटच्या उतारावर तर दोनदा स्वतःच "हाव जी" म्हणाले.

डोणगावला परत येऊन आठवडा झाला असेल. मी संध्याकाळी भिंतीलगतच्या जास्वंदीला पाणी घालत होतो. सुखदेव मळ्यातून आला. फाटक वाजलं आणि पाठोपाठ हाक, "हाय काऽऽ?" ही हाक मी दोन वर्षं रोज ऐकत होतो. ती गल्लीसाठी आहे, नाहीतर माझ्यासाठी, असं समजून मी रोज मुद्दाम दुर्लक्ष करत होतो; ओ न देऊनही तो बघायला कसा येत नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी मी भिंतीवरून बघितलं. सुखदेव गल्लीकडे पाठ करून उभा होता. त्याच्या हातात किल्ली होती. समोर कुलूप लावलेलं दार होतं आणि तो त्या दाराला विचारत होता. विचारून तो थोडा वेळ थांबला, वहिनीला परसातून ओ द्यायला लागायचा तेवढाच. मग त्याने किल्ली कुलपाला लावली.

माझ्या हातातला पाइप जास्वंद सोडून माझ्याच चपलेवर पाणी सोडत होता.

"हावऽऽ!" मी ओरडलो.

किल्ली तिथल्या तिथे थांबली. सुखदेव वळला नाही.

"तुले नोतो इचारत मी," तो म्हणाला.

मला कुठे तोंड लपवावं कळेना. मी पाइप ओढत जायला निघालो. कुलूप उघडल्याचा आवाज आला, कडी वाजली, आणि मग दारातून, जरा हळू आवाजात,

"पन देत जाय."