गुडघ्याने उचलायचं दार

या वेळी बायकोच्या वाढदिवसात एकही चूक होणार नाही, हे कुलूपवाल्याने महिनाभर आधीच जाहीर केलं होतं. जाहीर म्हणजे दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला. किल्ली करून घ्यायला आलेल्याला किल्लीबरोबर सगळा बेत पदरात घ्यावा लागे: शनिवार-रविवार, दगडी वेशीचं जुनं गाव, भोवती द्राक्षांचे मळे, वाइनची तळघरं आणि मुक्कामाच्या खोलीला नदीकडची खिडकी. "माणसाने बायकोसाठी वेळ काढावा," असं तो कानस घासता घासता म्हणे. आणि त्याच वेळी घरी त्याची बायको घराचं दार गुडघ्याने उचलून लावत असे.

ते दार वरच्या बिजागरीतून कधी उतरलं, हे आता दोघांनाही आठवत नव्हतं. कडी धरायची, आडव्या पट्टीखाली गुडघा द्यायचा, दार तसूभर उचलायचं आणि ढकलायचं. मग ते दुखणाईत म्हातारीसारखं कण्हत मिटायचं. सगळ्या बाजाराची कुलपं हा माणूस डोळे मिटून उघडायचा, पण घरच्या दाराला त्याच्याकडे 'उद्या' होता. पुढे बायकोने दाराचा विषय काढणं सोडलं, तेव्हा दार सुधारलं असंच त्याला वाटलं. मग तिने बाकीचेही विषय काढणं सोडलं.

बेताच्या मुळाशी खरं तर भीती होती. एका दुपारी तो जेवायला लवकर घरी आला, तर बायको फोनवर तिच्या ताईशी बोलत होती. ताईच्या घरातली वरची खोली रिकामी झाली होती. "वाढदिवस होऊ दे," बायको म्हणत होती, "मग सांगते त्यांना." कुलूपवाला पाऊल न वाजवता मागे फिरला, चौकात उभ्या उभ्या दोन केळी खाल्ली आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, आपण वाढदिवसाला बाहेर जाऊ.

ती यायला तयार झाली, पण एक अट घालून. हत्यारांची पेटी घरी ठेवायची. दोन दिवस एकाही कुलपाला हात लावायचा नाही. त्याने शपथ घेतली, स्वतःच्या गळ्याला हात लावून.

गाव जुनं होतं यात शंका नव्हती. वेशीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडून इतका काळ लोटला होता की त्याच्या काट्यावर पाखरांनी घर केलं होतं. हंगाम संपलेला. वेल उघडे, वाटा उघड्या, आभाळ तेवढं काळ्या घोंगडीने झाकलेलं. नदीकडची खिडकी गाड्या लावायच्या पटांगणाकडे निघाली. कमरेपर्यंत बाहेर वाकलं तर नदी दिसे, आणि वाकलेला माणूस खालच्या लोकांना दिसे. खोलीतल्या कपाटाचं कुलूप सैल होतं. दार हललं की ते खुळखुळायचं. कुलूपवाला दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला.

"तळमळताय," बायको म्हणाली.

"छे. आराम करतोय."

दुसऱ्या दिवशी, ऐन वाढदिवशी, ती दोघं तळघर बघायला गेली. बरोबर एक नवं जोडपं होतं आणि एक जाडजूड दाढीवाला, जो प्रत्येक पिंपाचा वास असा घेत होता जणू हरवलेला नातेवाईक सापडलाय. माहिती सांगायला काळ्या कोटातली एक बाई होती. तिने सगळ्यांना पायऱ्या उतरवून खाली नेलं, जाडजूड लाकडी दार लोटून ठेवलं आणि त्याच्या फटीत पायाने दगड सरकवला. दगड कुणी हलवू नका, एवढंच तिने बजावलं. मग ती ओळीने मांडलेल्या पिंपांबद्दल बोलू लागली.

ऐकायला सगळे होते, कुलूपवाला सोडून. त्याची नजर दाराच्या खटक्यावर गेली होती. खटका सैल झालेल्या दोन स्क्रूंवर लोंबत होता, आणि खटक्याची जीभ खाचेच्या बोटभर खाली आली होती. भर रस्त्यात कुणाचं मूल शर्टाची बटणं चुकीची लावून चाललेलं दिसावं, तसं त्याला झालं. तो मागे मागे सरकला. पेटी घरी होती, पण खिशात नाणं होतं. आणि शपथ कुलपाची होती; हा नुसता खटका.

दोन स्क्रू आवळले, जीभ बोटाने वर रेटून सरळ केली, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी छातीत ऊब वाटली. आता दुरुस्त केलेलं दार लावून बघितल्याशिवाय राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने दगड बाजूला घेतला.

दार लागलं. असं लागलं, की तळघरातली हवा दबून सगळ्यांच्या कानांत बसली.

कोटवाली बोलायची थांबली. तिने येऊन दार ढकललं, मग खांदा लावून ढकललं, मग कुलूपवाल्याकडे बघितलं. दार आपल्या वजनाने खाली बसलं होतं आणि खटक्याची जीभ खाचेत विंचवाच्या नांगीसारखी रुतली होती. फोनला खाली रेंज मिळत नव्हती. वर मालक होता, पण तो जेवून झोपे, आणि झोपला की त्याला उठवायला मालकीणच लागे, आणि मालकीण माहेरी गेली होती. हे सगळं कोटवालीने फार शांतपणे सांगितलं.

"काळजी करू नका," कुलूपवाला म्हणाला. "माझा धंदाच हा."

त्याने नाण्याने खटपट केली. ज्या स्क्रूंना त्याने प्राण पणाला लावून आवळलं होतं, ते आता त्याचंही ऐकेनात. कोटवालीचा बूच काढायचा मळसूत्री स्क्रू मागून घेतला, तो वाकला. दाढीवाल्याने धक्का मारला, तो स्वतःच मागे येऊन पिंपावर बसला. नवी नवरी थंडीने नवऱ्याच्या कोटात शिरली. शेवटी कुलूपवाल्याने मागे न बघताच हात पसरला.

"तुझी केसातली पिन दे जरा."

मागून काही आलं नाही. त्याने वळून बघितलं. बायको पिंपाला टेकून उभी होती आणि तिचे केस मानेपर्यंत कापलेले होते.

"कधी कापलेस?"

"उन्हाळ्यात."

दाढीवाल्याने सुद्धा वास घेणं थांबवलं. कुलूपवाल्याला वाटलं, एखाद्या पिंपाचं झाकण काढून आत बसावं आणि वरून बूच ठोकून घ्यावं.

बायको पुढे आली. त्याला तिने हाताने बाजूला सारलं, रागाने नव्हे, ओट्यावरचं भांडं सारावं तसं. उजव्या हाताने कडी धरली, आडव्या पट्टीखाली गुडघा दिला, दार तसूभर उचललं आणि ढकललं. दार कण्हलं आणि उघडलं. पायऱ्यांवरून राखाडी उजेड आत आला.

"तुम्हाला कसं जमलं?" कोटवालीने विचारलं.

"घरी रोज करते," बायको म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा वाढदिवस आहे हे कुलूपवाल्यानेच सांगून टाकलं, निदान तेवढं तरी आपल्या नावावर राहावं म्हणून. मग दाढीवाल्याने तिला बसायला खुर्ची दिली, कोटवालीने चांगली बाटली उघडली, आणि नव्या जोडप्याने तिला काहीतरी विचारलं, त्यावर ती खळखळून हसली. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं; मधे कितीतरी दिवस भेटलं नव्हतं. पेला घेऊन तो दारापाशीच उभा राहिला. दगड पुन्हा फटीत ठेवण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं.

परतताना वेशीपाशी तिने सांगितलं. भांडण नाही, रुसवा नाही, काही दिवस ताईकडे राहते, मग बघू. "परक्या दारासाठी तुम्ही शपथ मोडलीत," ती म्हणाली. "आपलं दार आधी केलं असतंत, तर मला त्याचंही एवढं वाईट वाटलं नसतं."

सोमवारी कुलूपवाल्याने दुकान उघडलं नाही. आत बायको बॅग भरत होती आणि बाहेर तो घरच्या दाराशी भिडला होता. बिजागरी नवी बसवली, स्क्रू आवळले, चौकट घासली, तेलाचे थेंब सोडले. आयुष्यात त्याने इतकं सुंदर काम केलं नव्हतं. बोट लावलं की दार तरंगत जाई आणि पापणीसारखं मिटे. तो हात धुवायला गेला. पुसत पुसत बाहेर आला, तिला म्हणाला, "ये, बघ तरी."

घरात कुणी नव्हतं. बॅग नव्हती.

तो दाराकडे बघत राहिला. इतकी वर्षं ते दार कण्हलं की त्याला कळायचं, ती आली, ती गेली. जड कण्हलं तर दमून आलीय, हलकं कण्हलं तर बाजारात कुणी गोड बोलणारं भेटलंय. आता दाराने तोंड मिटलं होतं. ती उद्या परत आली, आणि आपण आतल्या खोलीत असलो, तर?

कुलूपवाल्याने पेटी उघडली आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल केले. दार तसूभर खाली बसलं. त्याने ते लावून बघितलं. ते घट्ट अडकलं.

बाहेरून टकटक झाली.

"अहो, माझा चष्मा राहिलाय. उघडा."

त्याने ओढलं. पुन्हा ओढलं. "अडकलंय."

"मी गेले तेव्हा तर नीट होतं."

"होतं."

"मग?"

तो दाराशीच खाली बसला. "आवाजच नाही झाला," तो म्हणाला. "तू गेलीस ते कळलंच नाही मला."

खाली तिच्यासाठी थांबलेल्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. मग दाराच्या आडव्या पट्टीखाली गुडघा टेकल्याचा ओळखीचा आवाज आला.

"मी उचलते," ती म्हणाली. "तुम्ही आतून ओढा. आणि त्या पेटीला आता हात लावू नका."

कुलूपवाल्याने चटकन दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. मग दार ओढायचंय हे आठवून ते बाहेर काढले.