बेटावर आधी आपण झोपावं

"खुर्ची केलीस? आधी तू बस. खाट केलीस? आधी तू झोप. मग ने गिऱ्हाइकाच्या दारात!"

वस्तादांचा हा आवाज मिस्त्रीच्या कानात पस्तीस वर्षं मुक्कामाला होता. म्हणून तर त्याची एक खाट आजवर कुरकुरली नाही! पण या खेपेला गिऱ्हाईक होतं रानबदक आणि वस्तू होती बेट. पाण्यावर पिंपं, पिंपांवर फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर लव्हाळ्याची हिरवी झूल. तलावाची देखरेख करणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं, "या हंगामात बदकानं घरटं केलं, तर आणखी सहा बेटं तुमचीच. नाहीतर हेही मोडून न्या!"

"साहेब, रुसलेली नवरीसुद्धा नांदेल असं केलंय. बदकाचं काय घेऊन बसलात!" असं म्हणून मिस्त्री तलावावरच्या माळीबुवांच्या होडीतून बेटावर उतरला. बसून बघितलं, डुललं नाही. आडवा होऊन बघितलं, करकरलं नाही. ऊन लागू नये म्हणून लव्हाळा अंगावर ओढला, वाऱ्यानं अंगाई धरली, आणि मिस्त्रीचा डोळा लागला. माळीबुवा होडी घेऊन चहाला गेले.

बगलेशी काहीतरी ऊबदार लागलं तेव्हा त्याला जाग आली. बघतो तर बदकीण! काड्यापिसांचा संसार मांडून, अंडं घालून ती त्याच्याकडे अशी बघत होती, की घरमालकीण ती आणि भाडं थकवलेला हा!

"मिस्त्री, हलू नका!" काठावरून साहेब भोंग्यातून कुजबुजले. कुजबूज अख्ख्या तलावानं ऐकली. "बदक बसलं की होडी जवळ न्यायची नाही, नियम आहे!"

"किती वेळ?"

"अठ्ठावीस दिवस!"

मिस्त्रीच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपण बेटाचे कारागीर, की बेटावरचं सामान?

तेवढ्यात मिस्त्रीची बायको काठावर धावत आली. "अहो, अलगद पाण्यात उतरा आणि पोहत या! तीस पावलं तर आहेत."

"पाणी खळबळेल गं. बाळंतीण आहे ती."

"मग पाठीवर पोहा."

"ऊन डोळ्यांवर येतं."

"मग बुडी मारून या!"

"आत्ताच झोपेतून उठलोय!"

साहेबांना गहिवरून आलं. "काय ही माया! माळीबुवा, जेवणाची सोय करा."

"कुणाच्या? बदकाच्या की मिस्त्रींच्या?"

साहेब गोंधळले. नियमात दोघांचंही नव्हतं. माळीबुवांनी आपलं उगाच बांबूला भाकरीची पिशवी बांधून पुढे केली. बांबू दहा पावलं पोचला आणि पिशवी धप्पकन पाण्यात! बदकीण दचकली. मान ताठ, पंख अर्धे उघडे.

"उडाली, उडाली!" साहेब ओरडले. "मिस्त्री, आता तुम्हालाच भिऊन उडेल ती! हलू नका म्हणालो ते विसरा, उतरा!"

सहा बेटं पंख पसरून निघालेली मिस्त्रीला दिसली. त्यानं एक पाय पाण्यात घातला. लगेच वर घेतला. मग खाली मान घालून तो हळूच म्हणाला,

"अगं, मला पोहता येत नाही."

बदकिणीनं हलकेच पंख मिटले.

"माहीत आहे मला," बायको म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. नदी पार करून आलो म्हणालात; टॉवेल ओलाचिंब आणि डोकं कोरडं! तुम्ही स्वतः सांगाल म्हणून बावीस वर्षं गप्प बसले. आता या चालत. पाणी कमरेएवढंच आहे!"