आईचं फुकट तिकीट

आईचं विमानाचं तिकीट एक पैसाही न देता काढायचं, हे मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. हलायचं कारणच काय? मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांचे, सोनारांचे, औषध कारखान्यांचे काटे आमच्याकडे येतात आणि आपण किती खोटं बोलतो ते आमच्याकडून ऐकून खाली मान घालून परत जातात. अशा बाईला विमान कंपनीचे गुण मोजता येणार नाहीत?

आणि तिकीट तर हवंच होतं. माझी धाकटी बहीण परदेशात असते आणि तिचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं. तिने फोनवर एकच मागणं केलं होतं. "ताई, बाकी मला काही नको. फक्त आईला वेळेवर पाठव."

"फुकट तिकीट?" नवऱ्याने पोळीचा घास हातातच ठेवला.

"फुकट नाही, कमावलेलं!"

"जावईबापू, ती म्हणतेय म्हणजे असेल," आई म्हणाली आणि जेवण अर्धवट टाकून माळ्यावरची बॅग काढायला उठली.

आता कमाई कशी झाली होती ते सांगते. गेल्या वर्षी मी एका परिषदेला गेले होते. तिकीट एकाच कंपनीचं, पण वाटेत तीन विमानं, आणि तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. या कंपन्या एकमेकींच्या भागीदार असतात, म्हणजे लग्नकार्यापुरत्या एकत्र येणाऱ्या जावांसारख्या. आपण विमानात बसलो की आपल्या सदस्य क्रमांकावर गुण जमतात आणि पुरेसे जमले की त्या गुणांवर तिकीट मिळतं. इथवर कुणालाही समजेल. माझी हुशारी याच्या पुढे सुरू झाली. मी नियम बारकाईने वाचले, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक टप्प्याला वेगळ्या कंपनीच्या खात्यात जास्त गुण मिळतात. मग काय! मी तिन्ही कंपन्यांची सदस्य झाले आणि प्रत्येक काउंटरवर वेगळा क्रमांक दिला.

नवरा तेव्हाच म्हणाला होता, "अगं, सगळं एकाच डब्यात टाक की!"

मी त्याला कमाल मूल्य कसं काढतात ते समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्याला छान झोप लागली.

रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला. आई शेजारी बसली, चष्मा लावून, पर्स मांडीवर घेऊन, जणू विमान कॉम्प्युटरमधूनच सुटणार होतं. पहिलं खातं उघडलं. तिकिटासाठी अजून थोडे गुण हवेत. दुसरं उघडलं. अजून बरेच हवेत. तिसऱ्यात भोपळा! बेरीज केली तर तिकीट निघून वर गुण उरत होते. पण बेरीज करायची परवानगी फक्त मला होती, त्यांच्याकडे तशी सोयच नव्हती. पाणी भरपूर, पण वेगवेगळ्या भांड्यांत, आणि एकातलं दुसऱ्यात ओतायला मनाई!

मी पहिल्या कंपनीला फोन लावला.

"मधल्या टप्प्याचे गुण तुमच्या खात्यात घ्या," मी म्हणाले. "तिकीट तुमचंच होतं. त्यावर उड्डाणाचा क्रमांकही तुमचाच होता."

"क्रमांक आमचा होता, मॅडम. विमान त्यांचं होतं."

"आणि वैमानिक?"

"त्यांचा."

"आतला कर्मचारीवर्ग?"

"त्यांचाच."

"मग तुमचं काय होतं?"

बराच वेळ संगीत वाजलं. मग तो मुलगा परत आला. "सदिच्छा, मॅडम."

मी दुसऱ्या कंपनीला फोन लावला. तिथली बाई फार प्रेमळ होती. "विमान आमचं होतं, मान्य. पण तिकीट त्यांचं ना? त्यांच्या तिकिटावर आम्ही अर्धेच गुण देतो. ते दिले. दिलेले परत निघत नाहीत."

"पण मी तर पूर्ण प्रवास केला. अर्ध्यात उतरले नाही!"

"हो ना," ती हळहळून म्हणाली.

"मग मी नेमकी कुणाच्या उड्डाणात बसले होते?"

"तसं बघायला गेलं तर दोघांच्या. आणि तसं बघायला गेलं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मलाही ते ऐकवलं नसतं.

तिसरी कंपनी मात्र सरळ बोलली. त्यांच्याकडे माझी नोंदच नव्हती. विमानात चढताना दाखवतात तो बोर्डिंग पास पाठवा, गुण लगेच देतो, म्हणाले. तो टप्पा सगळ्यात लांबचा, तेवढ्यावरच आईचं तिकीट निघत होतं. मी उडीच मारली. मी असले कागद टाकत नाही! पास कपाटात होता. तो टेबलावर आणून ठेवला आणि फोटो काढायला मोबाइल घेऊन येते, तर नवऱ्याने त्यावर चहाचा कप ठेवलेला. कप गळका होता.

"अरे, तो पास होता!"

"मला वाटलं, तू कपासाठीच ठेवलायस," तो म्हणाला.

ओला कागद पुसला तर फाटतो. आमच्या प्रयोगशाळेत ओली वस्तू पुसत नाहीत, ओव्हनमध्ये वाळवतात. मी सोमवारी तो पास दोन काचांमध्ये नीट धरून ओव्हनमध्ये ठेवला, तापमान लावलं आणि समाधानाने कामाला लागले. दार उघडलं तेव्हा पास उत्तम वाळला होता. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट! ते पास उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापतात. हे मला माहीत होतं. या विषयावर मी प्रशिक्षणार्थींना तासभर बोलले आहे!

आमचे साहेब मागून डोकावले. "हे काय?"

"विमानाचा पास, सर."

त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "रात्रीचं विमान होतं का?"

तरीही मी त्याचा फोटो पाठवला. कंपनीचं विनम्र उत्तर आलं. 'कृपया थोड्या जास्त प्रकाशात फोटो काढावा.'

एव्हाना आईची बॅग भरून, उपसून, पुन्हा भरून झाली होती. बाळाची झबली वर की स्वेटर वर, एवढाच प्रश्न उरला होता. रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की ती विचारायची, "काय गं, कुठवर आलं?" मी सगळं समजावून सांगायची. शेवटी तिनेच धाकटीला फोनवर सांगितलं, "तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं, आणि तुझी ताई मधल्या मधे लोंबकळतेय."

"पण आई, तू येतेयस ना?" धाकटीने विचारलं. त्यावर आईने फोन माझ्या हातात दिला. मी परिस्थिती आशादायक आहे असं म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेत असा शब्द वापरणाऱ्याला दारात उभं करत नाहीत.

मग मला रामबाण उपाय सुचला. पहिल्या खात्यात थोडेच गुण कमी होते. त्या कंपनीच्या विमानाने जवळच्या शहरात जाऊन यायचं की काम फत्ते! मी शोधून शोधून सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. शनिवारी सकाळी गेले, तिथल्या विमानतळावर एक कॉफी प्यायले आणि त्याच विमानाने परत आले. तीच हवाई सुंदरी दारात उभी होती. "काही विसरलात का?" तिने काळजीने विचारलं.

घरी येऊन खातं उघडलं. गुण होते तेवढेच! पुन्हा फोन. आता तो मुलगा मला आवाजावरून ओळखायला लागला होता.

"मॅडम, तुमच्या तिकिटाचा वर्ग गुणपात्र नव्हता."

"पण सगळे एकाच वर्गात बसले होते! माझ्या शेजारच्या गृहस्थांना गुण मिळाले का?"

"मिळाले असतील."

"ते माझ्याच हातावर कोपर ठेवून बसले होते!"

"हा वर्ग खुर्चीचा नसतो, मॅडम. भाड्याचा असतो. तुमचं भाडं फार स्वस्त होतं."

नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तू नुसती वर जाऊन खाली आलीस?"

मी नवा बोर्डिंग पास कपाटात ठेवायला उठले.

"मग लिफ्टनेच गेली असतीस."

त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला. नेहमी ती मोठ्याने बोलते. त्या दिवशी आवाज बारीक होता. "ताई, डॉक्टर म्हणतात, बाळ लवकर येईल. तुझे ते गुण राहू देत ना गं. मला आई हवीय."

मी फोन ठेवला आणि पहिलं मिळेल ते तिकीट काढलं. ते निघालं पहिल्याच कंपनीचं, आणि वाटेत पुन्हा तीन विमानं. इतक्या उशिरा फक्त सगळ्यात महागड्या भाड्याची जागा शिल्लक होती. आकडा इथे सांगत नाही. नवऱ्यालाही अजून अर्धाच सांगितलाय.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आईला विचारलं, "आजी, सदस्य क्रमांक आहे का?"

"माझा घाला!" मी पुढे झाले.

"गुण बसणाऱ्यालाच मिळतात, मॅडम. नाव जुळावं लागतं." तिने तिथल्या तिथे आईला सदस्य करून घेतलं आणि तिन्ही विमानांना तोच एक क्रमांक लावला. मी म्हणणार होते, की मधल्या टप्प्याला दुसऱ्या कंपनीचा क्रमांक दिला तर... पण नवऱ्याने माझा दंड घट्ट धरला होता.

आधी आई पोचली आणि मग बाळ आलं. हा क्रम साधला, त्या दिवशी मी किती रडले ते कुणाला सांगू नका.

काल व्हिडिओ कॉलवर आईने बाळ आम्हाला सगळ्या बाजूंनी दाखवलं. मग म्हणाली, "अगं, तुला विचारायचंच राहिलं. मला मेसेज आलाय. अभिनंदन म्हणतायत. एका मोफत तिकिटापुरते गुण जमलेत म्हणे. हे असं खरंच देतात का गं?"

शेजारी बसलेला नवरा एकदम छताकडे बघायला लागला.

"जाहिरात असते आई," मी म्हणाले. "पुसून टाक."

"टाकला बघ पुसून!" ती म्हणाली आणि बाळाकडे वळली.

मेसेज पुसल्याने गुण पुसले जात नाहीत. या सगळ्या प्रकारात एवढी एकच गोष्ट मला नक्की माहीत आहे. म्हणजे, असं मला वाटतं. उद्या फोन करून त्या मुलाला विचारते.