घागऱ्यावरची मोटार

रुपाबाईच्या हुकमाशिवाय तिच्या घरात सुईसुद्धा हलत नाही, असं पोहरादेवीजवळच्या त्या बंजारा तांड्यात सगळेच म्हणत. रुपाबाई तर छातीठोक सांगायची, "टाका कुठं घालाचा ते मी सांगतो. पोरीनं कायले डोकं चालवावं?" धाकटी रामी आईनं कोळशानं आखलेल्या रेघेवरच भरतकाम करायची. रेघ सुटली की हातावर चापट!

पहिलं मतदान झालं त्या सालची गोष्ट. थोरल्या रुख्मिणीचं लग्न ठरलं. नवरीनं घरी भरलेला घागरा घालून सासूपुढं गिरकी घ्यायची, अशी तांड्याची रीत. भरतकाम फसलं की आईची अब्रू गेलीच म्हणून समजा! आता ऐन वेळी टाकायची आरशाची भिंगं कमी पडली. रुपाबाई घाईघाईनं कारंज्याला गेली आणि घागऱ्याचा मागचा भाग आखून द्यायचाच विसरली.

परत येऊन पाहते तर काय! घागऱ्यावर मोटार! लालभडक, धूर सोडणारी, दिव्यांच्या जागी भिंगं लावलेली मोटार!

"अवं, हे काय करून ठेवलं वं? चौकटी भराच्या होत्या न!"

"रेघच नोती, याडी," रामी आईला म्हणाली. "मंग मले सुचलं ते भरलं."

रुपाबाईनं कपाळ बडवून घेतलं. उसवायला बसली, तर टाका निघेना. निघेल कसा? चापटा मारमारून तिनंच तर तो पक्का करून घेतला होता! ओढाताणीत कापड फाटायला आलं. तेवढ्यात विहीण धुरपताबाई चार बायका घेऊन दारात हजर!

"रुख्मे, घाल घागरा अन् भिंतीले पाठ लाव. काही झालं तरी फिरू नोको!" रुपाबाई कुजबुजली.

"फिर वं पोरी," धुरपताबाई म्हणाली. रुख्मिणी हलेना.

"काहून फिरत नाही? पायात खोट हाये का?"

झालं! लग्न मोडायची वेळ आली. रुपाबाई जीव तोडून ओरडली, "पाय धडधाकट हायेत तिचे! मांगं मोटार हाये, मोटार!"

धुरपताबाईनं पोरीला धरून फिरवलं आणि तिचा वासलेला आ तसाच राहिला. मोटारीच्या खिडकीत एक बाई बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन.

"हे कोन वं?"

"याडी," रामी म्हणाली. "ताईले भेटाले चालली. तुमचं गाव केवढं दूर हाये! पायी कशी येईन ते?"

रुपाबाई वाकून पाहू लागली. नाक तिचंच. कपाळावरची आठीसुद्धा तिचीच! एवढ्याशा डोक्यात हे एवढं सगळं होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही! तिनं रामीचा हात हातात घेतला आणि नवं काही पाहावं तसा उलटसुलट करून पाहिला.

"मलेबी असाच घागरा पायजे," धुरपताबाई म्हणाली. "अन् मले समोरच्या खिडकीत बसवा!"

दुसऱ्या दिवशी मायलेकी विहिणीच्या घागऱ्याच्या कामाला बसल्या. रुपाबाईनं सुईत दोरा ओवला आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "रामे, मी काय भरू?"

"तुह्या मनानं भर न, याडी."

आता आली का पंचाईत! रुपाबाई सुई धरून बसली ती बसलीच. आजवर आखल्या त्या चौकटीही तिच्या आईनंच शिकवलेल्या. तिच्या मनाला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं, ते बिचारं एकाएकी काय सांगणार?