डोळे उघडे, तोंड बंद, दोन्ही कान

मी फोटो काढला आणि त्यात डोळे मिटलेले आले, असा माणूस अजून जन्माला यायचाय. ही बढाई नाही. दवाखान्यासमोर माझं पासपोर्ट फोटोचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली, आणि दारावर पाटी आहे: डोळे उघडे, तोंड बंद, दोन्ही कान दिसले पाहिजेत. तान्ही बाळं तर माझी खासियत. माझ्याकडे एक पिवळं रबरी बदक आहे. ते दाबलं की कसलंही रडकं मूल गर्रकन मान वळवून थेट लेन्समध्ये बघतं. दीड सेकंद बघतं. मला तेवढं पुरतं.

म्हणून दवाखान्यातली सिस्टर दुकानात आली, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही.

"काका, आमच्या बाळंतिणींच्या खोलीत फोटो लावायचेत. आया बाळांना पाजतायत असे. नव्या मुली घाबरलेल्या असतात, त्यांना दिसू दे की आपल्यासारख्याच बायकांना हे जमलंय. तिघीजणी तयार आहेत. काढाल?"

"अर्ध्या तासाचं काम," मी म्हणालो. "बाळांचा आणि माझा जुना घरोबा आहे."

"बाळं पीत असतील, काका. तुमच्याकडे बघायला त्यांना वेळ नसेल."

हे मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

खरं तर मी हो म्हणालो त्याला कारण घरचं होतं. माझी लेक पाच आठवड्यांच्या नातीला घेऊन आमच्याकडे राहिली होती आणि पाजणं काही केल्या जमत नव्हतं. म्हणजे दोन मिनिटं जमायचं. मग दार उघडायचं. माझी बायको डोकवायची, "लागलं का?" शेजारीण यायची, "पितेय का नीट?" मावशी व्हिडिओ कॉलवरून सांगायची, "मान वर धर." आणि दाराबाहेरून मी, दर पाच मिनिटांनी, "काय झालं?" लेक आखडून जायची, नात तोंड फिरवायची, मग दोघी रडायच्या. शेवटी तिने पावडरच्या दुधाचा डबा आणून टेबलावर ठेवला. "उद्याचा दिवस बघते. संध्याकाळपासून बाटली."

"बरं की," मी म्हणालो. "तू स्वतः बाटलीवरच वाढलीस. काय कमी पडलं?"

"माहितीये, बाबा. बाटलीत वाईट काही नाही. पण मला पाजायचं होतं." आणि तिने आत जाऊन दार लावून घेतलं. होतं म्हणाली. तो शब्द मला रात्रभर टोचत राहिला.

सकाळी मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, फोटो तरी बघ कसे काढतात. "ज्यांना जमतं त्यांचे फोटो आहेत ते," ती म्हणाली. "मी कशाला?" मग मी एकटाच निघालो. दोन दिवे, कॅमेरा, मागे लावायचं पांढरं कापड, त्याचा स्टँड आणि खिशात बदक.

खोलीत तिघी बसल्या होत्या. एक बेकरीत काम करणारी, एक शाळेतली बाई आणि एक बस चालवणारी. मी तिघींना ओळीत, ताठ बसवलं. "हनुवटी वर. केस कानामागे."

"बाळाकडे बघायचं नाही का?" शाळेतल्या बाईंनी विचारलं.

"समोर बघायचं."

सिस्टरने कपाळाला हात लावला. मी लेन्समधून पाहिलं. आया छान आल्या होत्या, पण बाळांची दिसत होती ती डोक्याची मागची बाजू. तीन आया, तीन टाळकी. एकतीस वर्षांत मी कोणाला डोक्याची मागची बाजू विकलेली नाही. माझा हात आपोआप खिशात गेला.

बदक ओरडलं. तिन्ही बाळं एकाच वेळी गर्रकन वळली. मी बटण दाबलं. फोटो अप्रतिम आला, आजही सांगतो. तीन चेहरे, सहा कान, हनुवटीवर दूध. मग दीड सेकंद संपला. बेकरीवालीचं बाळ न सोडताच वळलं होतं, ती "आई गं" म्हणून अर्धी उठली. बसवाली जे बोलली ते एरवी ती दुसऱ्या बसवाल्यांना बोलत असणार. एक बाळ रडलं, त्याचं ऐकून दुसरं, आणि तिसऱ्याने तर दोघांना मागे टाकलं.

आता शहाणा माणूस थांबला असता. मी बदक पुन्हा दाबलं. बाळं आणखी रडली. तिघी एका चौकटीत मावाव्यात म्हणून मी मागे सरकलो, पाय स्टँडमध्ये अडकला आणि स्टँड, कापड, एक दिवा आणि मी असे सगळे एकत्र खाली आलो. कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि बॅटरी घरंगळत लोखंडी कपाटाखाली गेली. मी जमिनीवरूनच बायकोला फोन लावला. "चार्जरवरची दुसरी बॅटरी घेऊन ये."

दहा मिनिटांत ती आली. बरोबर लेक आणि नात. "एकटीच बसून त्या डब्याकडे बघत होती," बायको कुजबुजली, "म्हणून घेऊन आले."

तिन्ही बाळांचा सूर ऐकून नातीनेही सूर लावला. लेक दारातच थिजली. आणि खोलीतल्या सगळ्याजणी, अगदी मनापासून, सल्ले द्यायला लागल्या. "बस, घे तिला." "पाठीला उशी घ्या." "मान वर धर तिची." "अगं, असं नाही, आडवी." लेक कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली खरी, पण तिची हनुवटी थरथरायला लागली. ती हनुवटी मी जन्मापासून ओळखतो.

मी अजून कपाटाखालची बॅटरी चाचपत जमिनीवरच होतो, कापडात गुरफटलेला. उठलो, कापडाची दोन टोकं धरली, तिच्या खुर्चीसमोर तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि कापड हनुवटीपर्यंत वर धरलं. "आता कोणी बघणार नाही," मी म्हणालो. "मीसुद्धा."

सल्ले थांबले आणि तिघींनी आपापली बाळं पुन्हा पाजायला घेतली. मागून नातीचं रडणं चालूच होतं. मग हुंदका. मग काहीच नाही.

"काय झा..." माझ्या तोंडून निघालंच.

"बाबा, बोलू नका."

नाही बोललो. मग मला ऐकू आलं. घुटुक. थोडं थांबून, घुटुक. आणि मग लागोपाठ घुटुक, घुटुक, घुटुक. मी नुसता ऐकत उभा राहिलो.

पाच मिनिटं हात ठीक होते. दहाव्या मिनिटाला मुंग्या आल्या. मग नाक खाजायला लागलं. बेकरीवालीने खुणेने विचारलं, मी धरू का? मागून लेक म्हणाली, "कोणी हलू नका." कोणी हललं नाही. इकडे तिघी आपापल्या परीने सैलावून बसल्या होत्या. कोणी वाकलेली, कोणी पाय वर घेतलेली, कान केसांत, नजर बाळावर. सिस्टरला हवा होता तो फोटो माझ्या पुढ्यात होता आणि माझे दोन्ही हात अडकलेले. बायकोने तिघींकडे बघून मोबाइल दाखवला, तिघींनी माना डोलावल्या, आणि तिने फोटो काढले.

बावीस मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं.

"झोपली, बाबा," लेक हळूच म्हणाली.

"हात खाली घेऊ?"

"थांबा जरा. दुसऱ्या बाजूलाही घेईल बहुतेक."

त्या संध्याकाळी डबा कोणी उघडला नाही. तो फडताळात आहे, लागला तर घेऊ, असं लेक म्हणते. अजून लागलेला नाही.

आता त्या खोलीत भिंतीवर फोटो आहेत. सगळे बायकोने मोबाइलवर काढलेले. मधोमध सगळ्यात मोठा: पांढरं कापड, त्याखाली माझे बूट, त्यामागे चप्पल काढून ठेवलेली लेकीची सैल पावलं, आणि वर माझं टक्कल. नव्या मुली आधी तिथेच थांबतात, हसतात आणि मग बसतात, असं सिस्टर सांगते.

परवा लेक त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. "किती छान आलाय, बाबा."

छान कसला. तोंड बंद आहे, दोन्ही कान दिसतायत, पण डोळे मिटलेले. मी बायकोला म्हटलं, अगं, एकदा परत काढायचा होतास.

"पाच काढले," ती म्हणाली. "पाचही तसेच आलेत."