पदरचं वाक्य

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकायला मिळायची. एकदा सेक्रेटरींच्या तोंडून हिंदीत, आणि लगेच त्रिभुवनकाकांच्या तोंडून मराठीत. काकांना हे काम कुणी दिलं नव्हतं. सेक्रेटरी मूळचे उल्हासनगरचे सिंधी. ते बोलायला उभे राहिले की काकाही उठायचे, त्यांच्या डाव्या हाताला अर्धं पाऊल मागे जाऊन उभे राहायचे आणि त्यांनी हात वर केला की आपलाही करायचे.

"टंकी साफ होगी, दो दिन पानी नहीं आएगा," सेक्रेटरी म्हणाले.

"बंधूंनो आणि भगिनींनो, टाकी स्वच्छ होणार आहे. दोन दिवस पाणी येणार नाही. धीर धरा," काका म्हणाले.

माझी बायको वैशाली मागून ओरडली, "काका, धीर धरा असं कुठं म्हणाले ते?"

"त्यांच्या मनात होतं," काका शांतपणे म्हणाले.

बदलापूरच्या बेलवलीतल्या त्या बिल्डिंगमध्ये हिंदी न कळणारं कुणीच नव्हतं. तरी काकांना राहवायचं नाही. खाली भाजीवाला वैशालीवर खेकसला, "लेना है तो लो, नहीं तो जाओ." काका पिशवी घेऊन शेजारीच उभे होते. म्हणाले, "ताई, ते म्हणतात, आपली इच्छा असेल तरच घ्या." भाजीवाल्यालाच इतकी लाज वाटली की त्याने कोथिंबीर फुकट दिली.

ही सवय त्यांना मोरिवलीच्या कारखान्यात लागली होती. नगरकडच्या मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे त्यांचं इंग्रजी खणखणीत. कारखान्यात मशीन बसवायला परदेशी इंजिनियर यायचे आणि मॅनेजर काकांना स्टोअरमधून उठवून त्यांच्या शेजारी उभं करायचे. गोरा साहेब लाल होऊन ओरडायचा आणि काका कामगारांना सांगायचे, "साहेब म्हणतात, जरा सांभाळून." त्या कारखान्यात वीस वर्षं कुणाला मराठीतून शिवी बसली नाही, असं ते अभिमानाने सांगत. कुणी फारच खोलात शिरलं, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "वाक्य त्यांचं, तोंड आपलं."

रिटायर झाल्यावर हे तोंड त्यांनी देवाच्या कामाला लावलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. अंबरनाथला त्यांच्या चर्चची छोटी मंडळी होती, चाळीस-पन्नास माणसं आणि एक तरुण पास्टर. बाहेरून इंग्रजी बोलणारे वक्ते आले की काका दुभाषी.

काकांचा गुडघा धरलेला, त्यामुळे त्यांना माझ्या स्कूटरवरून न्यायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी देव सोडले तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, कौल नाही, भविष्य नाही. म्हणूनच असेल, मला त्या सभांचं भारी कुतूहल होतं. मी शेवटच्या रांगेत बसायचो.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये मोठी सभा झाली. वक्ते भविष्य सांगणारे होते. ती मंडळी त्यांना संदेष्टे म्हणत. नाव सांगत नाही. काकाही कधी घ्यायचे नाहीत, 'वक्ते' एवढंच म्हणायचे. हॉल भरलेला. सिंधी, मराठी, तमिळ, सगळे. संदेष्टे डोळे मिटायचे, कुणाकडे तरी बोट करायचे आणि बोलायचे. अर्धं पाऊल मागे काका. तसाच वर जाणारा हात, तसाच चढणारा आवाज. मला इंग्रजी बऱ्यापैकी येतं, पण खरं सांगतो, मीही सगळं मराठीतच ऐकत होतो.

पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर. सभा सुरू व्हायच्या आधी त्यांनी दारातच काकांना गाठलं होतं. कुसुमबाई, मोरिवली गावच्या. ख्रिस्ती नव्हत्या. प्रार्थनेने गुण येतो असं कुणी तरी सांगितलं म्हणून आल्या होत्या. जमीन विकण्यावरून मुलाचं बापाशी भांडण झालं, मुलगा घर सोडून गेला. पुढे बाप वारला, तरी त्याला कळलं नसावं. तीन वर्षं ना पत्र, ना फोन.

संदेष्ट्यांचं बोट त्यांच्या दिशेला आलं. ते काही तरी म्हणाले, आणि काकांचा आवाज हॉलभर घुमला, "बाई, नाताळाच्या आत तुमचा मुलगा दारात येऊन उभा राहील!"

टाळ्यांनी पत्रा हादरला. कुसुमबाई जमिनीला डोकं टेकवून रडल्या. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

नाताळ आला आणि गेला. जानेवारीत काका अंबरनाथच्या बाजारात गेले ते रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि जिन्यातच बसले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "कुसुमबाई भेटल्या. मला विचारतात, मास्तर, तुमचा नाताल कवा असतो? झाला का यायचाय?"

मी हसणार होतो. त्यांचा चेहरा बघून थांबलो.

"नवी गादी भरून घेतलीय त्यांनी. घराला रंग काढलाय. आणि तो सण त्यांचा नाही रे, त्यांना तारीख माहीतच नाही. त्या वाट बघतायत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, बघून सांगतो."

काकांनी दुसऱ्या दिवशी पास्टरना गाठलं. मी सोडायला गेलो होतो, बाहेर बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"काका, आत्म्याच्या गोष्टींना तारीख नसते," पास्टर म्हणाले.

"त्यांनीच दिली होती. नाताळाच्या आत."

"देवाचा नाताळ आणि आपला नाताळ..."

"पास्टर, देवाचं नाव घेऊन बोललं आणि ते घडलं नाही, तर ते बोलणं देवाचं नव्हतं. शास्त्र तर हेच सांगतं ना? मग बोलणाऱ्याला विचारायला नको?"

"देवाने निवडलेल्या, अभिषिक्त माणसावर बोट ठेवू नये, काका."

"मी बोट कुठं ठेवतोय? मी पत्र लिहितोय."

आणि खरंच लिहिलं. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, तीनदा. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: गुळगुळीत कार्ड, त्यावर संदेष्ट्यांचा हसरा फोटो आणि छापील आशीर्वाद. काकांनी मला तिसरं कार्ड दाखवलं आणि म्हणाले, "याचं काय भाषांतर करणार?"

पुढच्या वर्षी तेच संदेष्टे पुन्हा आले. पास्टरनी दुसरा दुभाषी शोधून पाहिला, पण काकांच्या वेगाने बोलणारं दुसरं कुणी मिळेना. शेवटी काकांनाच बोलावलं. ते लगेच हो म्हणाले, याचंच मला नवल वाटलं.

हॉल तसाच भरलेला. पहिला तासभर काकांनी सगळं चोख मराठीत आणलं. मग संदेष्ट्यांनी डोळे मिटले, पहिल्या रांगेतल्या एका तरुण जोडप्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाय नेक्स्ट इयर..."

काका गप्प.

संदेष्टे थांबले, त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. काकांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि मराठीत म्हणाले, "हे मी बोलणार नाही. आधी गेल्या वर्षीचं."

मग वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, अगदी नम्रपणे. मोरिवलीच्या एका बाईला नाताळाच्या आत घडेल असं सांगितलं होतं. ते झालं नाही. तिला काय सांगू?

पास्टर अर्धे उठले होते. संदेष्टे हसले. म्हणाले, देवाने आपलं काम केलं असतं, तिचा विश्वास कमी पडला असेल.

काकांनी याचं भाषांतर केलं. शब्द न् शब्द. "वक्ते म्हणतात, बाईचा विश्वास कमी पडला."

"हे त्यांचं," काका पुढे म्हणाले. "आता माझं ऐका. वक्ते गेल्या वर्षी एवढंच म्हणाले होते की, मला एक दार दिसतंय, नाताळाच्या आत ते उघडेल. दार. मुलगा ते म्हणाले नव्हते. मुलगा मी म्हणालो. पदरचं घातलं. तेव्हा त्यांनी त्यांचं उत्तर द्यावं किंवा न द्यावं, माझा जबाब मी देतोय. मी देवाचं नाव घेऊन खोटं बोललो. मला क्षमा करा."

माईक त्यांनी स्टँडवर नीट बसवला, वायर गुंडाळून बाजूला सरकवली आणि गुडघा धरत, कठड्याला टेकत खाली उतरले. कुणी हात दिला नाही. मी मागून धावत गेलो.

मंडळीत मग दोन तट पडले. काकांनी सभा मोडली असं बहुतेकांचं म्हणणं. रविवारी लोक त्यांच्याशी हात मिळवायचे टाळू लागले. संदेष्ट्यांना पुन्हा बोलवायचं की नाही याची चर्चा मात्र कुणी काढली नाही. गंमत म्हणजे तो जाब विचारणारा एकच माणूस होता, आणि दोषी ठरला तोही तोच.

आठवड्याने काका माझ्या दारात आले. "मोरिवलीला सोडशील? ज्यांची क्षमा मागायची, त्या बाई हॉलमध्ये नव्हत्याच."

मी गाडी काढली. कारखान्यांच्या भिंतींमागे जुनं गाव. कुसुमबाईंचं घर नवीन रंगाने लगेच ओळखू आलं. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. काकांनी पाण्याला हात लावला नाही. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. दार त्यांचं, मुलगा माझा. तुम्ही दारात भेटून सांगितलं होतं, तुमचा चेहरा बघवेना, म्हणून बोलून गेलो.

कुसुमबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मना ठाव होता."

काकांनी वर बघितलं.

"विंग्रजी नाय येत मना. पन तो साहेब कुठं माझेकडं बगत होता? तो वर पंख्याकडं बगत होता. माझेकडं तुमीच बगत होतात, मास्तर. बोलताना तुमचेच डोळं भरलं होतं. मी बोलले, हा मानूस सांगतंय तं काय तरी असंल."

"नव्हतं काही," काका म्हणाले. "मला काही माहीत नव्हतं. अजूनही नाही."

"राग आला मना," कुसुमबाई म्हणाल्या. "आता बी हाय. गादी भरली तवा सगळा गाव हसला." त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता आपण निघावं. पण त्या चहा घेऊन आल्या आणि काकांच्या समोर बसल्या.

काकांनी कप हातात धरला आणि विचारलं, "बाई, मुलाचं नाव काय?"

कुसुमबाईंचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "जनार्दन. जना बोलतो आमी." आणि थोड्या वेळाने, "त्या सभेत कुनी नाव नाय विचारला."

काकांनी कप खाली ठेवला. डोळे मिटले. मी त्यांना शेकडो वाक्यं बोलताना ऐकलं होतं. दुसऱ्याच्या शेजारी उभं न राहता बोलताना कधीच नाही. त्यांना शब्द सापडेनात. ओठ हलले, थांबले. शेवटी अगदी हळू म्हणाले, "प्रभू, जनार्दन कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही. तुला माहीत आहे. त्याला सांभाळ."

एवढंच. कारखान्याचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, रस्त्यावरून सायकली जायला लागल्या. कुसुमबाईंनी पदराने डोळे पुसले.

"परत एकदा बोला," त्या म्हणाल्या.

काकांनी परत म्हटलं. एकही शब्द न वाढवता.